चर्चा : ठरवण्याचं काम यंत्राकडे आणि निस्तरण्याचं आपल्याकडे?

निळी शाई (धागाकर्ती)

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे वाद कशावर घालायचा ते स्पष्ट राहील. यंत्राने काम सोपं करावं, याला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती कामातला ठरवण्याचा भाग यंत्राला देऊन निस्तरण्याचा भाग माणसाच्या गळ्यात घालण्याला. कामात जीव असतो तो ठरवण्यात. आणि हे ठरवणं आधी डोक्यात पूर्ण होऊन मग कागदावर उतरतं असं नाही. बरंचसं ते हात चालू असतानाच होतं.

मी विज्ञानाच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. अलीकडे नुसता मजकूर येण्याऐवजी यंत्राने बनवलेलं तयार चित्रच येतं आणि सोबत निरोप असतो, "एवढं जरा नीट करून द्या." मागे असंच पानाच्या आडव्या छेदाचं चित्र आलं. रंग सुरेख, छायाप्रकाश सुरेख. पण पर्णरंध्रं, म्हणजे पानातून हवेची ये-जा होते ती बारीक छिद्रं, वरच्या बाजूला दाटीवाटीने आणि खाली जवळजवळ नाहीतच. शिरेत रसवाहिन्या वर आणि जलवाहिन्या खाली, म्हणजे नेमकं उलटं. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांना रंध्रं वर असतात हे खरं, पण धडा जमिनीवरच्या साध्या द्विदल झाडाच्या पानाचा होता. मी दुरुस्त्या केल्या, चित्र पाठवलं, काम संपलं. मला त्यातून काहीच मिळालं नाही.

आता तेच पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हाताने काढायला घ्या. वरच्या अपित्वचेखाली लांबट, उभ्या पेशी एकमेकींना खेटून काढाव्या लागतात. त्यांत हरितलवकं भरता भरता हात दमतो आणि प्रश्न पडतो, एवढी गर्दी इथेच का? कारण उजेड वरून येतो. जरा खाली यावं तर पेशी वेड्यावाकड्या, सुट्या, मधे पोकळ्याच पोकळ्या. हवा खेळायला जागा हवी ना! त्या पोकळ्या काढत तळाशी पोचलं की रंध्रं तिथेच का हे कोणी सांगावं लागत नाही. दुरुस्ती करताना मला फक्त चुका दिसल्या. काढताना पान दिसतं.

यासाठी मला मेंदूच्या अभ्यासातलं एक मोठं उदाहरण नेहमी आठवतं. चेतापेशी चांदीच्या क्षारांनी काळ्या रंगवायची पद्धत इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये शोधली. तीच पद्धत वापरून स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने ठामपणे मांडलं, की चेतासंस्था म्हणजे एकसलग जाळं नाही, त्या सुट्या सुट्या पेशी आहेत. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. काहालला कॅमेऱ्याचं वावडं नव्हतं. तो हाडाचा छायाचित्रकार होता, रंगीत छायाचित्रणावर त्याने १९१२ मध्ये पुस्तक लिहिलं. तरी चेतापेशी त्याने हाताने काढल्या. मेंदूचा काप जाड असतो, त्यातला एकच थर एका वेळी नीट दिसतो. छायाचित्रात तेवढाच थर येतो. काहाल कितीतरी काप बघायचा आणि बघितलेलं सगळं मनात मुरवून एक आकृती काढायचा. त्या काढण्यातच त्याचा सिद्धान्त होता.

यंत्राने तुमच्या कामातला नेमका कोणता भाग उचलला? आणि तो गेल्यावर काम हलकं झालं की पोकळ? प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं सांगावं.

उलटतपासणी

असहमत. काहालचं उदाहरण छान आहे, पण ते तुमच्यावरच उलटतं.

गोल्जीसुद्धा हातानेच काढायचा. त्याच्याही आकृत्या अप्रतिम आहेत. तरी त्याला शेवटपर्यंत जाळंच दिसलं आणि १९०६ च्या नोबेल व्याख्यानातही त्याने जाळ्याचीच बाजू लावून धरली. म्हणजे दोन माणसं, एकच रंग, दोघांचे हात कागदावर, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध. हाताने काढलं की सत्य कळतं, असं यातून निघत नाही. आणि वादाचा निकाल कशाने लागला? १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन चेतापेशींमधली फट दिसली तेव्हा. यंत्राने.

मी प्रोग्रामर आहे, म्हणून माझ्या बाजूचं उदाहरण देतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथच्या प्रोग्रामिंगवरच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ मध्ये आला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात पडली, तेव्हा नव्या तंत्राने जुळवलेली ती पानं इतकी ओबडधोबड होती की त्याला ती बघवेनात. त्याने ग्रंथलेखन बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली, टेक, लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. गेली जवळपास दहा वर्षं.

त्या प्रणालीत ओळ कुठे तोडायची हे यंत्र ठरवतं. आधीच्या पद्धतीत ओळ भरली की तोडली, पुढची घेतली. त्यामुळे एका ओळीत शब्दांमधे भगदाडं आणि दुसरीत शब्द चेंगरलेले. क्नूथने परिच्छेद अख्खा विचारात घेतला. प्रत्येक संभाव्य तोडीला दोषांक द्यायचा आणि सगळ्या परिच्छेदाचा मिळून दोष कमीत कमी येईल ती रचना निवडायची. पाचव्या ओळीसाठी पहिल्या ओळीत किंचित तडजोड करावी लागली तर करायची. ओळीमागून ओळ जुळवत जाणाऱ्या माणसाला दर परिच्छेदाला एवढा हिशोब करणं परवडणारच नाही.

इथे ठरवण्याचंच काम यंत्राला दिलं ना? काम पोकळ झालं का? उलट पानं देखणी झाली आणि लिहिणाऱ्याचं डोकं लिहिण्यासाठी मोकळं राहिलं. ठरवण्यातही दोन जाती आहेत. काही ठरवण्यात माणूस असतो, काही ठरवणं म्हणजे निव्वळ आकडेमोड. तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकताय.

आवाजी

मी हे बोलून लिहितोय. स्नायूंच्या आजारामुळे हाताची बोटं माझ्या ऐकण्यातली राहिलेली नाहीत. त्यामुळे "ठरवणं हात चालू असतानाच होतं" यासारखं काही वाचलं की मला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं, हे स्पष्टच सांगतो.

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसच्या पोटावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो बहुतेक वेळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत असे. चित्रफळ्यासमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग मदतनिसांनी कागद रंगवायचे, याने कात्रीने आकार कापायचे आणि ते भिंतीवर कुठे लावायचे ते सांगायचं. मदतनीस टाचणीने लावणार, हा बघणार, "जरा वर" म्हणणार, पुन्हा काढून दुसरीकडे लावणार. त्यातून त्याच्या आयुष्यातली काही सर्वांत मोठी कामं झाली. लावणारे हात दुसऱ्याचे होते म्हणून ती कामं कमी त्याची ठरतात का?

मी पूर्वी चित्रकथा काढायचो. आता चित्रं काढणाऱ्या यंत्राला सांगतो, ते दाखवतं, मी नाकारतो, पुन्हा सांगतो. कितीदा नाकारतो त्याची मोजदाद ठेवत नाही. माणूस खिडकीतून बाहेर बघतोय, पण त्याला कोणाची वाट बघायची नाहीये, एवढं एक चित्र मिळवायला मला अख्खा आठवडा पुरला नाही. यंत्राला ‘वाट न बघणारा’ माणूस दाखवताच येईना. दर वेळी डोळ्यांत आस. शेवटी मी त्याची मान किंचित वळवायला सांगितली आणि नजर खिडकीच्या चौकटीवर आणली. बाहेर नाहीच. तो निर्णय माझा होता आणि तो घेताना मला जे वाटलं ते पेन्सिलीने काढताना वाटायचं त्याहून वेगळं नव्हतं.

हे साधन नसतं तर माझ्याकडे ‘अस्सल’ काम उरलं नसतं. माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

निळी शाई

आवाजी, खिडकीतल्या माणसाचं वाचून थांबले. ‘हात’ म्हणताना मला बोटं अभिप्रेत नव्हती. मला म्हणायचंय ते असं, की साधन आपल्याला अडवतं, त्या अडण्याला आपण उत्तर देतो आणि उत्तर देता देता आपल्याला काय हवंय ते आपल्याला कळतं. तुम्हाला यंत्राने अडवलं. तुम्ही अडून बसलात. मान वळवायची हे तुम्हाला आठवड्याच्या सुरुवातीला माहीत नव्हतं. म्हणजे तुमची गोष्ट मी माझ्या बाजूने मोजते.

पण मग माझी अडचण नीट बघा. बहुतेक ठिकाणी हे साधन अडून बसण्यासाठी विकलंच जात नाही. पहिलं जे येईल ते घ्या आणि पुढे चला, यासाठी विकलं जातं. मला पानाचं चित्र पाठवणाऱ्याने आठवडा घालवला नव्हता.

उलटतपासणी, तुमच्या दोन जाती मान्य. पण क्नूथने दहा वर्षं काय केलं? चांगला परिच्छेद चांगला का दिसतो हे खणून काढलं, जुन्या जुळणीची उत्तमोत्तम पुस्तकं अभ्यासली, हेर्मान त्साप्फसारख्या अक्षररचनाकाराबरोबर काम केलं. मग जे शब्दांत आणि आकड्यांत नेमकं सांगता आलं तेवढं यंत्राला दिलं. नियम त्याला माहीत होता आणि वाचू इच्छिणाऱ्या कोणालाही तो आज वाचता येतो. रंध्रं वर काढणाऱ्या यंत्राला असा कोणता नियम कोणी दिला होता? कोणाला विचारायचं? दुसरं असं, की याच क्नूथने १ जानेवारी १९९० पासून ईमेल वापरणं सोडलं, कारण त्याच्या कामाला सलग, खोल एकाग्रता लागते. यंत्र कुठे घ्यायचं आणि कुठे नाही हे त्याने स्वतः ठरवलं. माझा सगळा मुद्दा या ‘स्वतः’ वर आहे.

आवाजी

"पहिलं येईल ते घ्या" हा दोष घेणाऱ्याचा आहे. छायाचित्रातही झाडाचं एकेक पान कोणी ठरवत नाही. १८५९ मध्ये फ्रेंच कवी बोदलेअरने छायाचित्रणावर केवढी आग पाखडली होती, कलेचा हा शत्रू आहे म्हणून. आणि पुढे १८७४ मध्ये मोने, रेन्वा वगैरे चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं ते पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्याच जुन्या स्टुडिओत. चित्रकला मेली नाही, मोकळी झाली.

निळी शाई

कॅमेऱ्यासमोर खरं झाड असतं हो. त्याचं एकही पान छायाचित्रकाराने ठरवलेलं नसलं तरी ते पान तिथे होतं, आणि त्याची रंध्रं जिथे असायला हवीत तिथेच होती. यंत्राच्या चित्रामागे पानच नाही. तुमच्या चित्रकथेत त्याने बिघडत नाही, कारण तिथे सत्य तुमच्या मनात आहे आणि तुम्ही ते तपासू शकता. माझ्या पुस्तकात बिघडतं.

हातमाग

मघापासून वाचतोय. कला, हात, आत्मा सगळं झालं. ज्याच्या हातात ठरवण्याची सत्ता आहे त्याच्याबद्दल कोणीच बोलेना.

यंत्रांना विरोध करणाऱ्याला ‘लडाइट’ म्हणून हिणवायची पद्धत आहे. ते लडाइट कोण होते? १८११ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्यांनी यंत्रं फोडली ते विणकर होते आणि मोजे विणायची चौकट हे यंत्र त्यांचं रोजचं हत्यार होतं. ती चौकट १५८९ मध्ये शोधली गेली होती. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं या लोकांच्या पिढ्या यंत्रावरच काम करत आल्या होत्या! त्यांचा राग होता तो मालक त्याच यंत्रांचं जे करू लागले त्यावर. रुंद चौकटीवर नुसतं सपाट कापड विणायचं, मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून विकायचं. शिवण उसवायची, माल बदनाम व्हायचा, भाव पडायचे आणि मजुरी कापली जायची विणकराची. शिवाय उमेदवारी न केलेली पोरं कमी पगारावर आणून बसवायची. विणकरांनी सरसकट यंत्रं फोडली नाहीत. जे मालक ठरलेल्या दराने मजुरी देत होते त्यांच्या चौकटी कितीतरी ठिकाणी शाबूत राहिल्या. सरकारने १८१२ मध्ये कायदा करून यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. कवी लॉर्ड बायरनने त्याविरुद्ध उमरावांच्या सभागृहात भाषण केलं, उपयोग झाला नाही.

निळी शाईंच्या पानाच्या आकृतीची गोष्ट हीच आहे. "नीट करून द्या" या निरोपामागे हिशोब असा, की नवीन आकृतीचे पैसे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे. दुरुस्तीचे नेहमी कमी. वेळ तेवढाच लागतो, कधी जास्त लागतो. हा प्रश्न सर्जनशीलतेचा म्हणून चर्चेला घेतला की मालकाला बरंच असतं, कारण सर्जनशीलतेवर तडजोड करायला कोणाला बोलावता येत नाही. दरावर येतं.

सातवा सूर

हातमाग यांचं पटलं, तरी एक वेगळी बाजू मांडते.

१९८० मध्ये रोलँड कंपनीचं टीआर-८०८ नावाचं तालयंत्र आलं. गाणं रचताना प्रत्येक वेळी ड्रमवादकाला बोलवावं लागू नये, यंत्राने ठेका धरावा, हा हेतू. पण त्याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे नव्हतेच. लोकांनी नाकं मुरडली, खप झाला नाही आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि ज्यांना दुसरं काही परवडत नव्हतं त्या पोरांनी ती उचलली. खोल, लांबत जाणारा त्याचा खर्जातला ठोका ड्रमसारखा नव्हता हेच त्यांना भावलं. हिप-हॉप संगीताच्या घडणीत त्या ठोक्याचा मोठा वाटा आहे.

म्हणजे साधन ज्यासाठी बनवलं त्यासाठी ते फसलं आणि त्या फसण्यातून नवं संगीत आलं. मला आताच्या साधनांची भीती वाटते ती इथे. ती फसत नाहीत. काहीही मागा, बऱ्यापैकी गोड काहीतरी मिळतंच. मी चाली बांधते. यंत्राकडून आलेली चाल कधी कानाला टोचत नाही, म्हणून तिला पकडायला कुठे कोपराच सापडत नाही.

उलटतपासणी

सातवा सूर, कोपरे सापडतील. ८०८ ची खुमारी कळायलाही वेळ गेला. साधन नवं असताना त्याचा खरा उपयोग कोणालाच ठाऊक नसतो.

निळी शाई, नियम वाचता यायला हवा, हा तुमचा मुद्दा माझ्या मनात घोळतोय. कोड लिहून देणाऱ्या यंत्राबद्दल माझीही तक्रार जवळपास तीच आहे. आलेला कोड चालतो, चाचण्या पास होतात. पण सहा महिन्यांनी कोणी विचारलं, "इथे असं का केलंय?" तर उत्तर द्यायला माणूस नसतो. मी लिहिला असता तर निदान मी तरी असतो. तरीही मी ते वापरणं सोडणार नाही. साचेबंद कोड हाताने टंकण्यात मला कधीच अर्थ सापडला नाही आणि तो सापडायला हवा होता असं कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. पाट्या टाकण्याचं काम यंत्राने खुशाल न्यावं.

सुट्टीचा वार

मला या सगळ्या धाग्याचं गृहीतकच मान्य नाही. कामात अर्थ असलाच पाहिजे हे कोणी ठरवलं? लेखक काफ्का प्राग शहरातल्या कामगारांच्या अपघात विमा संस्थेत १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीला होता. अपघातांच्या फायली बघायचा आणि रात्री लिहायचा. फायलींत आत्मा ओतायची जबरदस्ती त्याच्यावर नव्हती. नोकरीने पोट भरावं, माणसाला संध्याकाळी सोडून द्यावं. यंत्र माझं ऑफिसचं काम करत असेल तर मला आनंद आहे. मला माझी संध्याकाळ हवी.

हातमाग

सुट्टीचा वार, संध्याकाळ मिळाली का? १९३० मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सने भाकीत केलं होतं, शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादन त्याने म्हटलं तसं वाढलं, तास तेवढे उतरले नाहीत. घरातलंही बघा. रूथ श्वार्त्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तरी बाईचं घरकाम संपलं नाही. कपडे धुवायचं यंत्र आलं तसे कपडे जास्त वेळा बदलायची रीत पडली आणि धुणं बाहेर द्यायचं बंद होऊन घरच्या बाईकडेच परत आलं. यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप तुमच्या खिशात येत नाही. तो कोणाचा, यावर भांडावं लागतं.

सुट्टीचा वार

भांडण मान्य आहे. पण मग ते तासांसाठी भांडू या. ‘अर्थपूर्ण काम’ हे शब्द माझ्या ऑफिसात नेहमी बिनपगारी जादा कामाच्या आधी येतात, म्हणून मला त्यांचा धसका आहे.

रात्रपाळी

मी चित्रकार नाही, संगीतकार नाही. वीजनिर्मितीच्या बॉयलरच्या नियंत्रण कक्षात पाळ्या केल्यात. आमच्याकडे यंत्राने ठरवायचं आणि माणसाने बघत बसायचं, हे फार आधीपासून आहे. म्हणून चार शब्द.

बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे पाणी आणि वाफ जिथे वेगळी होतात त्या टाकीत, पाण्याची पातळी सांभाळायची असते. वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पडद्यावर पातळी *वर* जाताना दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत चाललेलं असतं, कारण वाफ जास्त निघून जातेय. ज्याने हे हाताने चालवलेलं आहे तो फसत नाही. ज्याने फक्त पडदा बघितलाय तो पातळी वाढली म्हणून येणारं पाणी कमी करतो. थोड्याच वेळात बुडबुडे बसतात आणि पातळी धाडकन खाली येते. स्वयंचलित नियंत्रक वाफेचा प्रवाह, पाण्याचा प्रवाह आणि पातळी तिन्ही बघतो, त्यामुळे रोजच्या दिवशी हा प्रश्न येतच नाही. येतो तो नियंत्रक सुटतो, म्हणजे काम सोडून देतो, तेव्हा. आणि नियंत्रक साध्या दिवशी सुटत नाही, सगळंच बिघडलेलं असताना सुटतो.

लिझन बेनब्रिज नावाच्या बाईंनी १९८३ मध्ये यावर निबंध लिहिला. नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यांचं म्हणणं, स्वयंचलन सोपं काम काढून घेतं आणि अवघड तेवढं माणसाकडे ठेवतं. शिवाय रोजचा सराव बंद झाल्याने माणसाची तयारी गंजत जाते. आज देखरेख करणारे लोक निभावून नेतात, कारण ते हाताने काम करून तयार झालेले आहेत. त्यांच्यानंतर येणाऱ्यांचं काय?

निळी शाई, तुम्हाला रंध्रं चुकीच्या जागी आहेत हे दिसलं, कारण तुम्ही पानं काढलेली आहेत. उलटतपासणी, तुम्हाला आलेला कोड बरा की वाईट ते कळतं. आवाजी, तुम्ही चित्रकथा काढायचात म्हणून तुम्हाला नजरेतली आस खटकली. तुम्ही तिघं वेगवेगळ्या बाजूंनी वाद घालताय, पण तिघंही आधी कमावलेल्यावर बोलताय. आमच्याकडे नवीन मुलं येतात त्यांनी काय कमवायचं, कुठे कमवायचं, हा माझा प्रश्न आहे.

आवाजी

रात्रपाळी, हे मनाला लागलं, पण पूर्ण मान्य नाही. मला जन्मापासून हा आजार असता तर? मी कधीच पेन्सिल धरली नसती. मग मला आस खटकली नसती का? मला वाटतं खटकली असती. माणसांचे चेहरे मी आयुष्यभर बघितलेत. नजर कमवायला काढणं हा एक रस्ता आहे, एकमेव नाही.

कोरी वही

मीच ती ‘नवीन मुलं’. आकृत्या आणि सादरीकरणं बनवणाऱ्या एका ठिकाणी नुकतीच लागले आहे. पहिल्या दिवसापासून मला यंत्राने काढलेलं तपासायला बसवलंय. मी कधी काढलंच नाही, तर तपासू कशावरून? बरोबरचे सीनियर पटकन चूक दाखवतात, मला ती त्यांनी दाखवल्यावर दिसते. घरी जाऊन स्वतः काढायचं ठरवते, पण तोवर डोळे मिटायला आलेले असतात. इथे सगळे अनुभवी आहेत म्हणून विचारते, मी नेमकं काय करावं?

रात्रपाळी

कोरी वही, आमच्याकडे एका जुन्या ऑपरेटरने मला लावलेली शिस्त सांगतो. पडद्यावरचा आकडा बघण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. भार वाढवतोय, तर पातळी आता काय करेल, किती वेळ, मग काय. नंतर पडदा बघायचा. चुकलं तर का चुकलं तेही लिहायचं. तुमच्या कामात, यंत्राचं चित्र उघडण्याआधी मजकूर वाचून कागदावर ओबडधोबड काढा. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. मग ते उघडा. जिथे दोघांत फरक दिसेल तिथे थांबून शोधा, बरोबर कोण. हे घरी जाऊन करू नका, कामाच्या वेळात करा.

निळी शाई

आणि चित्रावरून चित्र तपासू नका. वस्तू बघा. पान असेल तर पान, काप असेल तर काप, उपकरण असेल तर ते उघडून. ते शक्य नसेल तेव्हा निदान एकमेकांवरून न काढलेले दोन-तीन खात्रीचे संदर्भ. सीनियरांनी चूक दाखवली की "तुम्हाला आधी काय खटकलं?" हे विचारा. अनुभवी माणसाला बहुधा चूक नंतर दिसते, खटकणं आधी येतं. ते खटकणं कुठून आलं हे त्यांच्याकडून वदवून घ्या. ते सांगताना त्यांनाही नवीन काहीतरी कळेल.

कोरी वही

दोघांचे आभार, उद्यापासून करून बघते. पण कामाच्या वेळात कसं जमणार? एका चित्राला मिनिटं ठरवून दिलेली आहेत, आणि ती ‘तपासणी’ची मिनिटं आहेत.

हातमाग

इथेच खरी गाठ आहे, आणि ती तुम्ही एकट्याने सोडवायची नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला. त्यातून जो करार झाला त्यात दोन-तीन गोष्टी आहेत त्या नीट वाचा. यंत्राने लिहिलेला मजकूर लेखनाचा मूळ स्रोत म्हणून धरायचा नाही. म्हणजे यंत्राचा मसुदा लेखकापुढे टाकून "तू फक्त सुधारलंस" असं म्हणत त्याचा मोबदला किंवा श्रेय कापता येत नाही. दिलेल्या सामग्रीत यंत्राचं काही असेल तर कंपनीने ते आधी सांगायचं. आणि लेखकावर यंत्र वापरायची सक्ती नाही, पण कंपनीच्या संमतीने त्याला वापरायचं असेल तर वापरता येतं. आवाजींचा हक्कही त्यात बसतो आणि निळी शाईंचाही.

तुमच्या ठिकाणी संघटना नसेल. तुमच्यासारखी नवीन मुलं किती आहेत? सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट मागा : दर आठवड्याला ठरावीक आकृत्या मुळापासून काढायला द्याव्यात आणि त्या कामाचाच भाग म्हणून धराव्यात. कारणही कंपनीला समजेल असं द्या. आज तपासणारे सीनियर सोडून गेले तर तपासणार कोण?

कोरी वही

आम्ही चौघीजणी आहोत. उद्या जेवणाच्या सुट्टीत विषय काढते. निळी शाई, तुमच्याकडची ती पानाची चुकीची आकृती आणि तुम्ही सुधारलेली, दोन्ही दाखवता येतील का? मला ती आधी न सांगता त्या तिघींपुढे ठेवायची आहे.

निळी शाई

पुस्तक छापून येईपर्यंत ती मला देता येणार नाही. त्याऐवजी मी मूळ कापावरून नवीन एक काढून देते आणि तिच्यात मुद्दाम तीन चुका ठेवते. कोणत्या ते तुम्हालाही सांगणार नाही. चौघींनी शोधा आणि इथे लिहा. आवाजी, तुम्हीही बघा, तुमची नजर कुठे अडते ते मला खरंच जाणून घ्यायचंय.